एकटीचा गट

माझ्या वर्गात एकच मुलगी आहे हे कळलं की लोक म्हणायचे, "मग काय बाई, मजाच आहे की तुमची!" मजा कसली, कप्पाळ! एका मुलीचा वर्ग घेऊन बघा एकदा. भरलेला वर्ग असला की एकाला दम देताना दुसऱ्यावर डोळे वटारता येतात, तिसऱ्याचा कान धरता येतो, आणि मधेच फळ्याकडे तोंड करून हसूनही घेता येतं. इथे रागवायचं तिच्यावर, कौतुक करायचं तिचं, आणि खडू संपला म्हणून कुरकुर करायची तीसुद्धा तिच्यापाशीच. हजेरी घेताना मी एकच नाव पुकारायची, ती "हजर" म्हणायची आणि दिवस सुरू व्हायचा. सगळ्या वर्गाची हजेरी मिळून एवढीच.

एके काळी या खोलीत बाकं पुरत नव्हती. कारखाना चालू होता तोवर वसाहत गजबजलेली होती. मग कारखान्याला कुलूप लागलं आणि प्रत्येक सुट्टीनंतर चार डोकी कमी व्हायला लागली. कुणाचा बाप दुसरीकडे कामाला लागला, कुणी आजोळी गेलं, कुणी काही न सांगताच गेलं. शेवटी राहिलं पहारेकऱ्याचं घर. बंद कारखान्यालाही राखण लागते ना! त्या पहारेकऱ्याची ही मुलगी, तिसरीतली. मी तिला मुंगी म्हणायची. भिंतीच्या कडेकडेने चालायची, आवाज न करता यायची आणि हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठायची नाही. तोंडाने मात्र अगदी गरीब. विचारलं तर नेमकं सांगेल, नाही विचारलं तर मूग गिळून बसेल.

आमच्या उपक्रमांच्या पुस्तकात प्रत्येक पानावर पहिलं वाक्य ठरलेलं: मुलांचे चार-चारचे गट करा. झाडाची पानं गोळा करायची, गट करा. पाणी गाळायचं, गट करा. सावली मोजायची, तरी गट करा! एकदा मी तपासणीच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, गट कसे करू?"

"चार-चारचे करा."

"एक मुलगी आहे."

"मग एकच गट होईल," साहेब म्हणाले, "पण उपक्रम गटातच झाला पाहिजे, बाई. तेवढं बघा."

याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. आणि इथे शेळीही एकच.

मला राग आला की मी एक तर भांडते, नाही तर हट्टाला पेटते. गट पाहिजे ना? घ्या गट! दुसऱ्या दिवशी मी खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं, "मी ढमाल्या. मला सगळं येतं, पण सगळं चुकीचं येतं." मुंगीने आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग जे काही हसली! इतकी हसलेली मी तिला पाहिलीच नव्हती. मग मधल्या बाकावर रडूबाई आली. तिची पेन्सिल सारखी मोडायची. पुढच्या बाकावर शहाणी आली, तिला प्रत्येक गोष्टीत शंका. मी या बाकावरून त्या बाकावर उठबस करायची. गुडघे बोंबलायचे, पण गट झाला. चार जणांचा, पुस्तकात म्हटल्याप्रमाणे.

मुंगीने बोलावं म्हणून तर हा सगळा खटाटोप. म्हणून मी या तिघांना वळण लावलं. ढमाल्या काहीतरी वेड्यासारखं बोलायचा आणि मग म्हणायचा, "मुंगे, तुला काय वाटतं?" रडूबाई मुसमुसत विचारायची, "मुंगे, आता काय करू गं?" शहाणी तर तिचं ऐकल्याशिवाय पानच उलटायची नाही. आणि मुंगी बोलायची! सुरुवातीला दोन शब्द, मग चार वाक्यं, मग ढमाल्याला चक्क समजावून सांगायची, "अरे, असं नाही करायचं, हे बघ." मला वाटलं, जिंकलं.

शाळा सुटली की मात्र घशाला काम नसे. माझी खोली वसाहतीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. शेजारच्या दोन्ही दारांना कुलपं. खालचं वाण्याचं दुकान बंद झालं तेव्हापासून जिन्यात कुणाची चाहूलही लागत नव्हती. मी चहा टाकायची, वह्या काढायची. वह्या कसल्या, वही. ती तपासून व्हायला किती वेळ लागणार? मग मी तीच परत चाळायची. कधी कधी चहा गाळताना तोंडातून आपोआप ढमाल्याचा आवाज यायचा, "बाई, साखर घातली का?" आणि मीच दचकायची. थोरली बहीण फोनवर म्हणायची, "अगं, तिथे काय ठेवलंय आता? ये ना इकडे, किती दिवस अशी राहणार?" मी म्हणायची, "ताई, माझा वर्ग आहे." वर्ग म्हणजे मुंगी, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

तर अशात साहेब स्वतः आले. खुर्चीवर न बसता खिडकीशी उभे राहिले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी नकोसं सांगायचंय.

"बाई, हा वर्ग पुढच्या सत्रात ठेवायचा की नाही, ते ठरवायचंय. मोठ्या शाळेची गाडी फाट्यापर्यंत येते. मुलगी तिकडे जाऊ शकते."

"आणि नाही गेली तर?"

"तर तिची चौथी होईपर्यंत वर्ग चालू ठेवता येईल. पालकांनी तसं म्हणायला हवं. मी पालकांशी बोललो. ते म्हणतात, बाई सांगतील तसं."

म्हणजे सगळं माझ्या शब्दावर आलं. संध्याकाळी मुंगीचे बाबा कारखान्याच्या फाटकाशी भेटले, तेही हेच म्हणाले, "बाई, आम्हाला त्यातलं काय कळतं? तुम्ही म्हणाल ती पूर्व."

मी खोटं कशाला बोलू? मला ती हवी होती. तिच्या भल्यासाठी वगैरे नंतर. आधी मला हवी होती. सकाळी उठून केस विंचरायचे ते कुणासाठी? तोंड उघडायचं ते कुणाशी? ती गेली असती तर मला कुठल्या तरी कचेरीत तक्ते मोजायला बसवलं असतं आणि संध्याकाळी पुन्हा त्याच जिन्याने वर चढायचं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं, मुंगी इथेच राहणार. लागेल तेवढी भांडेन.

तिच्या बाबांना तसं सांगून टाकलं; साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "ठीक आहे. पण एकदा तिला मोठ्या शाळेत घेऊन या. त्यांच्याकडे पुलाचा उपक्रम आहे, एक दिवस बसू दे त्या मुलांबरोबर. मुलगी कुठेही मागे नाही असं दिसलं, तर मी स्वतः तुमच्या बाजूने बोलतो."

पुलाचा उपक्रम! मला आनंद मावेना. आमचा पूल नुकताच झाला होता. वर्तमानपत्राच्या घट्ट नळ्या करायच्या, दोऱ्याने बांधायच्या, दोन बाकांच्या मधे पूल ठेवायचा आणि त्यावर दगड ठेवून बघायचं, पेलतो का. ढमाल्याचा पूल धाडकन पडला होता, तो मीच पाडला होता म्हणा. रडूबाईचा वाकला. आणि मुंगी बराच वेळ नळ्यांच्या चौकटी हलवून बघत बसली होती. मग म्हणाली, "बाई, चौकोन कलतो. मधे तिरकी नळी बांधली की कलत नाही." हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा पूल दगडासकट दोन दिवस उभा होता, शेवटी झाडताना मलाच उचलावा लागला. म्हटलं, आता बघाच म्हणावं. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

मोठ्या शाळेत पाऊल टाकलं आणि आधी आवाजच अंगावर आला. इतक्या पोरांचा गलका मी किती दिवसांत ऐकला नव्हता. खरं सांगते, मला तो गोड लागला. मुंगीने माझी पिशवी घट्ट धरली होती, ती सोडवून मी तिला तिच्या गटात बसवलं. तिथली बाई तरुण, चटपटीत, चेहऱ्याने हसरी. तिने टाळी वाजवून काम समजावलं आणि वर्ग तुटून पडला. मी आणि साहेब मागच्या बाजूला खुर्च्यांवर.

मुंगीच्या गटात एक दणकट मुलगा होता, दोन वेण्यांवाली एक मुलगी आणि चष्मा लावलेला आणखी एक. तिघांनी मिळून नळ्या ओढल्या, दोऱ्यासाठी झटापट केली, आणि चौकटीला चौकट जोडत सुटले. नुसते चौकोन! लांबून मला दिसत होतं की हा पूल कलणार. मुंगीलाही दिसत होतं. ती गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसली होती आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. आधी दणकट मुलाकडे, मग वेण्यांवालीकडे, मग चष्मेवाल्याकडे. पुन्हा पहिल्यापासून. मी मनात म्हणत होते, बोल गं बये, बोल! ती आपली बघतेय. कुणाचं लक्षच नव्हतं तिच्याकडे. वाईट नव्हती ती पोरं, कामात होती.

दगड ठेवला. पूल एका अंगाला कलला आणि बसला खाली. पोरं खिदळली, दोष एकमेकांवर ढकलू लागली. तरुण बाई आली आणि म्हणाली, "छान! आता सांगा, का पडला?" सगळ्या वर्गातून हात वर. कुणी बाकावर उभं, कुणी "मी, बाई, मी!" करून गळा काढतंय. मुंगी ताठ बसून बाईंकडे बघत होती. चेहरा असा, की उत्तर अगदी ओठांवर आहे, फक्त विचारा. हात मात्र गुडघ्यांवर. बाईंची नजर तिच्यावरून पुढे गेली आणि दणकट मुलावर थांबली. तो म्हणाला, "दोरा कच्चा होता." सगळे हसले.

साहेब माझ्याकडे कलून हळूच म्हणाले, "मुलगी जरा मंद आहे, नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मंद? साहेब, या वर्गात फक्त तिला माहीत आहे तो पूल का पडला!"

"मग सांगितलं का नाही तिने?"

मी पिशवी उचलली आणि मुंगीला हाक मारली.

परतीच्या गाडीत मुंगी खिडकीशी बसली होती. मी रागातच होते, तिच्यावर की कुणावर ते कळत नव्हतं. म्हटलं, "तुला माहीत होतं ना, तिरकी नळी लागते?"

"हो."

"मग बोलायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का?"

ती गोंधळली. माझ्याकडे बघत म्हणाली, "पण बाई, मी वाट बघत होते. ती मुलं कधी विचारणार होती?"

"काय विचारणार?"

"मुंगे, तुला काय वाटतं, असं." मग म्हणाली, "कुणीच विचारलं नाही. ढमाल्या नेहमी विचारतो."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. तिने बोलावं म्हणून मी जगात कुठेही नसतात अशी पोरं तयार केली होती. तिला बोलायला शिकवलं, पण बोलू द्या म्हणायला नाही. हात वर करायला तर कधी शिकवलंच नाही. कशाला शिकवीन? एकटी मुलगी हात कुणाआधी वर करणार? चौथी होईपर्यंत माझ्याजवळ राहिली असती तर ती आणखी हुशार झाली असती आणि आणखी ताठ बसून वाट बघायला शिकली असती. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, हे मला काय माहीत नव्हतं?

घरी येऊन मी दिवा न लावता बसून राहिले. अंधार पडेपर्यंत स्वतःशी हुज्जत घातली. मी तिला शिकवीन की, म्हटलं, हात वर करायला, भांडायला, सगळं शिकवीन, त्यासाठी पाठवायला कशाला पाहिजे? पण कुणाशी भांडणार ती? माझ्याशी? मी तर ती रडली की विरघळणार. शेवटी उठले, चप्पल घातली आणि पहारेकऱ्याच्या चौकीवर गेले.

"पाठवा तिला," मी म्हटलं.

मुंगीचे बाबा स्टुलावरून उठले. "बाई, परवा तर म्हणालात की इथेच बरं. हुशार आहे म्हणालात."

"हुशार आहे म्हणूनच म्हणते. तिला पोरं पाहिजेत. खरी पोरं, ओरबाडणारी."

त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "आणि तुम्ही हो?"

"माझं काय! म्हातारंच व्हायचंय, ते कुठेही होता येतं," मी म्हटलं आणि तिथून निघाले. त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं मला.

सत्र संपायला थोडेच दिवस होते. त्या दिवसांत मी पुस्तकातले उपक्रम बाजूला ठेवले आणि ढमाल्याला बिघडवला. तो आता विचारेनासा झाला. मुंगीची कात्री पळवायचा, तिचं वाक्य तोडायचा, तिच्या चित्रावर कोपर ठेवून बसायचा. शहाणी म्हणायला लागली, "तुला काय कळतं गं?" रडूबाईने रडणं सोडलं आणि मुसंडी मारून पुढे यायला लागली. मुंगी पहिल्या दिवशी हातातलं सगळं देऊन मोकळी झाली.

"दे म्हटलं की देतेस? ओढ परत!"

"पण बाई, त्याला हवीय ना."

"तुला नकोय का?"

तिचे डोळे भरून आले. दुपारचा डबा तिने न खाता परत नेला, आणि माझाही मला गेला नाही. मला वाटलं, पुरे झालं, उद्यापासून आपला जुना ढमाल्या परत आणू. पण हट्टाला पेटलेली मी! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हात वर करून घेतला, वर केलेला हात न बघितल्यासारखं केलं, आणखी वर करायला लावला. मी मुद्दाम तिच्या बोलण्यात बोलायची, मुद्दाम चुकीचं सांगायची, मुद्दाम टेबल बडवायची. मला स्वतःचाच संताप यायचा.

शेवटून दुसरा दिवस असेल. पाण्यात काय तरंगतं आणि काय बुडतं, ते चाललं होतं. बादलीभोवती आम्ही चौघं, म्हणजे आम्ही दोघी. ती काहीतरी सांगत होती आणि मी ढमाल्या होऊन सारखी मधे मधे करत होते. एकदम तिने बादलीवर हात मारला. पाणी माझ्या अंगावर उडालं.

"बाई, गप्प बसा ना जरा! मी बोलतेय!"

आवाज रिकाम्या खोलीत घुमला. ती स्वतःच घाबरली, हात तोंडावर गेला. मी म्हटलं, "शाबास." आणि पदराने तोंड पुसत बाहेर गेले, म्हटलं पाणी उडालंय डोळ्यांत.

वर्ग बंद झाला. मला अपेक्षेप्रमाणे कचेरीत बसवलं, जुन्या शाळांतून आलेले नकाशे आणि तक्ते नीट लावायचं काम. माणसं बरी आहेत, पण जो तो आपल्या टेबलाशी. बोलायला तसं कारणच पडत नाही. ताई अजून फोनवर म्हणते, "आता तरी ये." आता तर वर्ग आहे म्हणायचीही सोय नाही. मी म्हणते, बघू.

मध्ये एकदा मोठ्या शाळेला काही नकाशे पोचवायचे होते. शिपाई जाणार होता. मी म्हटलं, राहू दे, मी जाते. कार्यालयात गुंडाळी देऊन तसंच परतायचं, असं ठरवून गेले होते. पण पाय ऐकतात का! जिन्याने वर गेले, तिसरीच्या दाराशी थांबले. दार अर्धवट उघडं होतं.

आत काहीतरी चिकटवण्याचं काम चाललं होतं, जमिनीवर कागदांचा खच. मुंगी लगेच सापडली नाही. मी भिंतीच्या कडेला शोधत होते आणि ती मधोमध होती. गुडघ्यांवर उभी, बाह्या वर सारलेल्या, केस सुटलेले, आणि त्या दणकट मुलाशी कडाक्याचं भांडण. "आधी ऐकून तर घे! ए, ऐक ना! असं लावलं तर पडणार ते!" आणि तो ऐकत होता. वेण्यांवाली तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. तिने मान वर केली आणि मी तिला दिसले. चेहरा एकदम फुलला. मी दार लोटून आत एक पाऊल टाकलं. तोंडाशी किती तरी आलं होतं, जेवतेस का नीट, गाडीत बसायला जागा मिळते का, आठवण येते का.

तेवढ्यात त्या मुलाने कागद ओढला. तिने तो झटकन दाबून धरला आणि मान माझ्याकडे न वळवताच म्हणाली, "बाई, आत्ता नको हं. आमचं चाललंय."

"बरं," मी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.